गार वाटणारे थेंब

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा डोळा नेमका कधी गेला ते घरात कुणालाच सांगता येणार नाही. आबांनाही नाही. दोंडाईच्यात आमचा मिरचीचा धंदा. हंगामात दुकानात शिंकल्याशिवाय दोन वाक्यं बोलता येत नाहीत, तिथे डोळे चुरचुरले म्हणून डॉक्टरकडे कोण जातं? "मिरचीना धंदा शे, डोया जयतीनच," असं म्हणून आबा थेंब टाकायचे. कुठल्याशा डॉक्टरांनी कधीकाळी आठवडाभरासाठी लिहून दिलेले ते थेंब त्यांनी वर्षानुवर्षं चालवले. गार वाटायचं ना.

डाव्या बाजूच्या पोत्यांना ते धडकू लागले आणि वर हमालांवरच खेकसू लागले, तेव्हा मी त्यांना धुळ्याला नेलं. म्हटलं, मोतीबिंदू असेल, काढून टाकू.

निघाला काचबिंदू. डॉक्टरबाईंनी न कंटाळता समजावलं. डोळ्यात पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. निचरा अडला की दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस सुकते. एका प्रकारात वाट एकाएकी बंद होते. डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या. लोक पित्त समजतात, पण निदान दवाखान्यात पळतात तरी. दुसऱ्यात वाट उघडी असते, जाळी मात्र हळूहळू तुंबते. दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेने जात राहते. तिसऱ्याचं कारण बाहेरचं असतं, मार लागणं किंवा एखादं औषध.

"डोळ्यात काही टाकता का?" त्यांनी विचारलं.

आबांनी खिशातून बाटली काढली, तीही कौतुकाने. त्यात स्टेरॉईड होतं, फार दिवस टाकलं तर डोळ्याचा दाब वाढवणारं. मिरची बिचारी निर्दोष सुटली.

"गेलेली नजर परत येणार नाही. उजवा डोळा सांभाळू," बाई म्हणाल्या. मला संताप आला, आबांचा आणि माझाही. आबांनी बाटली पुन्हा खिशात घातली.

"घरात आणखी कुणी हे वापरलंय?"

आबा माझ्याकडे वळले. "तू धाकली व्हती तवय तुना डोयामाबी मीच टाकू."

म्हणजे लहानपणी माझ्याही डोळ्यांत तेच थेंब पडले होते. बाईंनी लगेच मला आतल्या खोलीत तपासणीच्या खुर्चीत बसवलं. माझा दाब ठीक निघाला. बाहेर येऊन सांगितलं, तर आबा रुमालात तोंड खुपसून रडले. उजव्या डोळ्याचं काय, ते त्यांनी विचारलंच नाही.