दोनशे चाळिसावा दिवस

बोरगावचा श्रावण अकरा वर्षांपासून सातपुडा लोकपरिवहनमध्ये बदली ड्रायव्हर होता. म्हणजे रोज सकाळी खाकी चढवून पांढुर्ण्याच्या डेपोतल्या बाकावर बसायचं आणि एखादा पक्का ड्रायव्हर आजारी पडला की त्याची गाडी न्यायची. दिवाळी ते दिवाळी दोनशे चाळीस दिवस भरले की नोकरी पक्की, असा नियम होता. म्हणूनच दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी कर्मचारी-कल्याणाचे भाऊरावबाबू दरसाल मायेनं म्हणायचे, "थकला अशीन गड्या. जाय, आता दिवाळीपावतर आराम कर." एवढी काळजी सख्खी मायही घेत नाही.

चौऱ्याऐंशी साली दोनशे एकोणचाळीस भरले ते नेमके पोळ्याला. दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची जत्रा. त्या दिवशी पक्क्या ड्रायव्हरांना एकजात ताप येतो आणि तो ताप घेऊनच ते नदीवर दगड मारायला जातात. त्यामुळे यंदा आरामाचं कुणी बोललं नाही; डेपोत उरला एकटा श्रावण आणि सौसरच्या गाडीला पन्नास माणसं.

"बाबू, आज माह्ये दोनशे चाळीस भरून राहिले," श्रावण म्हणाला.

"गाडी तू ने. हजेरीत नाव नत्थूजीचं टाकतो," बाबू म्हणाले. नत्थूजी हा त्या गाडीचा पक्का ड्रायव्हर.

नाही म्हणायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तान्हं पोर घेऊन एक बाई उन्हात उभी होती. त्यानं गाडी काढली, वेळेवर सौसरला पोचवली.

नेमक्या त्याच वेळी गोटमारीत नत्थूजीचं डोकं फुटलं. सरकारी दवाखान्यात आठ टाके पडले, कागद झाला. श्रावणला हर्ष मनात मावेना. एक माणूस नदीवर आणि गाडीवर एकदम कसा असेल? "आता नोकरी पक्की," तो बायकोला, वत्सलाला म्हणाला. तिनं गूळ वाटला.

चौकशी झाली. भाऊरावबाबूंनी हजेरीचा आणि दवाखान्याचा असे दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि दोन्ही खरे ठरवले. सव्वीस जानेवारीला नत्थूजीचा सत्कार झाला: डोकं फुटलेलं असतानाही गाडी वेळेवर पोचवणारा कर्तव्यदक्ष चालक.

टाळ्या वाजवताना श्रावणच्या डोळ्यांत पाणी आलं. नत्थूजी खालमानेनं त्याच्यापाशी आला. "श्रावण, हे शाल तुह्यी हाय. घे बाप्पा."

"शाल ठेवा तुमच्यापाशी, नत्थूजी," श्रावण म्हणाला. "मले माह्या तेवढा एक दिवस वापस द्या."

नत्थूजी शालीची घडी घालत राहिला.