नजर फोल्डिंग खात्यातली

दौलतराव मोहित्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायची हौसही आता उरली नव्हती. तरी शहाण्णव सालापासून ते रोज दहा ते पाच समुद्राकाठची शंखुली वेचत बसत, तेही इंदुरात, एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत.

त्याआधी अठ्ठावीस वर्षं ते मिलच्या फोल्डिंग खात्यात होते. विणून आलेलं कापड त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. कुठे धागा तुटलेला, कुठे गाठ दिसली की तो ताका बाजूला, ‘सेकंड’. चांगला तेवढाच पुढे. आपल्या हातून खराब कापड कधी बाजारात गेलं नाही, असं ते सांगत आणि ते खरंही होतं. मिल बंद झाल्यावर मात्र या नजरेला कुत्रंही विचारेना. चार वर्षं सियागंजात एका किराण्याच्या पेढीवर पोती हलवली, त्यात कंबर गेली. शेवटी अन्नपूर्णा भागात त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या आणि या कॉलेजात शिकवणाऱ्या अमिता मॅडम म्हणाल्या, ‘‘दौलतरावजी, मला बारीक नजरेचा माणूस पाहिजे. परमनंट नाही हं, प्रोजेक्ट आहे तोवर.’’ परमनंट काय असतं ते दौलतरावांनी पाहिलेलंच होतं.

काम असं होतं. कोकणातल्या एका खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीत, लांब नळी ठोकून थरावर थर असलेला चिखल काढून आणला होता. एकेका थरातला चिखल धुऊन वाळवला की मागे शंखुली उरत. वाळूच्या कणाएवढी, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या जिवांची कवचं. कुठल्या थरात कुठली जात किती, त्यावरून तिथे खारं पाणी कधी आलं, कधी हटलं ते कळतं म्हणे. दौलतरावांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने दर थरातली तीनशे शंखुली उचलायची आणि चौकटी आखलेल्या पट्टीवर चिकटवायची. त्यावरचा अभ्यास मॅडमची विद्यार्थिनी अनुश्री करी, तिची पीएच.डी. त्यावरच होती. दौलतरावांची मान आखडे, डोळ्यांतून पाणी गळे, पण पट्टी बघत राहावी अशी होई.

दीड वर्षाने एका दुपारी अनुश्री त्यांच्यासमोर येऊन बसली.

‘‘काका, क्या है की, सतराव्या थरात वाळू इतकी आहे ना, वादळाने समुद्र आत घुसला असं वाटतं. मगर शंखुली एकदम साबूत. इतकं घासत आली असती तर तुटलेली, झिजलेली दिसली असती. म्हणजे वादळ नव्हतंच शायद. तसंच लिहून टाकते.’’

दौलतरावांना ठाऊक होतं, तुटलेली होती. ढिगाने होती. तीनशे उचला म्हटल्यावर त्यांनी चांगली पाहून तीनशे उचलली होती आणि मोडकी पुन्हा बाटलीत सारली होती, चाळीसच्या चाळीस थरांत. तसं करू नका, असं कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगावं लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. फोल्डिंग खात्यातला माणूस दुसरं करणार तरी काय?

घरी बायकोला, इंदुमतीबाईंना, त्यांनी सगळं सांगितलं.

‘‘अहो, चुपचाप राहा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती लिहिते तर लिहू दे. हजारो वर्षांपूर्वीच्या चिखलासाठी हे पण काम घालवता का?’’

बाई काही खोटं बोलत नव्हत्या. दौलतरावांना तरी कुठे हरिश्चंद्र व्हायचं होतं? ते दमले होते. पण या वेळी सेकंड निघालं होतं ते त्यांचंच काम, ते त्यांनी चांगलं म्हणून त्या पोरीच्या गळ्यात मारलं होतं, आणि हे काही केल्या त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

सकाळी त्यांनी मॅडम आणि अनुश्री दोघींना सांगून टाकलं.

‘‘दौलतरावजी, तुम्ही अख्खं वादळ गायब केलंत,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘मॅडम, अठ्ठावीस वर्षं मला याचाच पगार मिळाला.’’

मग मॅडमनी ठरवलं ते सांगितलं: मार्चपर्यंत दौलतरावांनी सगळ्या पट्ट्या पुन्हा करायच्या, त्यानंतर प्रोजेक्ट संपेल आणि पुढच्या कामाला त्या दुसरा माणूस बघतील. अनुश्रीचा प्रबंध वर्षभर मागे पडला. ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं दौलतरावांना रोज वाटे.

सतरावा थर पुन्हा घ्यायला जानेवारी उजाडला. कोपरा तुटलेलं, पाठ झिजलेलं, नुसतं अर्धुक, असं एकेक ते उचलत होते. हात दर वेळी अडे आणि दर वेळी ते त्याला दामटत. दोन-अडीचशेवर गेल्यावर त्यांनी कुंचला खाली ठेवला.

‘‘बेटा, सगळी मोडकीच निघतायत गं,’’ ते म्हणाले, जणू माफी मागत.

अनुश्रीने त्यांच्या खांद्यावरून वाकून सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

‘‘मोडकीच पाहिजेत, काका,’’ ती म्हणाली. ‘‘इथे काय झालं ते यांच्याशिवाय कोण सांगणार?’’

चष्मा काढून दौलतरावांनी डोळे पुसले. मिल बंद झाली त्या दिवशीसुद्धा ते रडले नव्हते.