सरड्याला सोसेल एवढी ऊब

बरेच दिवस बंद असलेला बल्ब लावला की त्यावरची धूळ करपते. आज प्रयोगशाळेत तो वास आला आणि माझ्या तळहातांना घाम सुटला. डोळ्यांपुढे आली ती शुक्रवारच्या बाजारातली प्राण्यांची गल्ली. तिथे प्रत्येक पिंजऱ्यावर असाच एक बल्ब जळत होता, आणि एवढा मोठा झालेला मी बाबांच्या पाठीआड राहून चाललो होतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांची मला पहिल्यापासून भीती. प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा वाटलं होतं, पुस्तकांवर भागेल. पण पहिल्याच प्रात्यक्षिकात सरडा हातात घ्यायची वेळ आली आणि मी मागे सरत भिंतीला टेकलो. पुढच्या सत्रापर्यंत हे जमलं नसतं तर विषयच सोडावा लागला असता. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? बाबा इथे आखातात, अहमदीला, गाडी चालवतात. त्यांनी त्यांच्या परीनं उपाय काढला. "एक घरातच आणू. रोज बघशील तर सवय होईल. पण जरा मोठा बघ. पालीएवढा आणलास तर पाल समजून तुझी आई घर सोडेल."

पहिल्या पिंजऱ्यात घोरपडीच्या जातीतलं काहीतरी होतं. रायगडात वाढलेले बाबा लगेच म्हणाले, "ही नको. धरलं की सोडत नाही." हिरवा इग्वाना मला देखणा वाटला, पण तो माणसाएवढा लांब होतो म्हणे, आमच्या दोन खोल्यांत मग राहायचं कुणी? तिसरा इथल्याच वाळवंटातला धब, इकडे तो खातातही. त्यानं काटेरी शेपूट असं आपटलं की मी पुन्हा बाबांच्या पाठीआड गेलो. दुकानदारानं विचारलं, "पालना है या पकाना है?" बाबा गंभीरपणे म्हणाले, "मटन खाते हैं भाई, लेकिन इतना भी नहीं." शेवटी त्यानं हातभर लांबीचा, गळ्याला काटेरी दाढी असलेला सरडा दाखवला. तो पळाला नाही, फुत्कारला नाही. मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला. "नए आदमी के लिए यही. बस, दिनभर बल्ब चालू रखना, इसे गर्मी चाहिए."

नेमकं तेच आमच्या घरात अवघड. बाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची, ही आमच्याकडची जुनी शिस्त. त्यात आईला वाटलं, आधीच एवढा उन्हाळा, बिचारा उकडून मरेल. बाजारात जाताना तिनं बल्ब बंद केला आणि एसीचा झोत पिंजऱ्याकडे वळवून ठेवला. दुपारी ती आणि मी एकदमच घरी पोचलो. सरडा काळवंडून, डोळे मिटून, वाळूला चिकटून पडला होता.

"आई, गेला हा."

"हात लावून बघ."

"तू बघ ना."

"मी? मी अजून त्याच्याकडे नीट बघतही नाही!"

माझा हात आत कसा गेला ते मला सांगता येणार नाही. फ्रीजमधल्या दुधी भोपळ्यासारखं त्याचं अंग गार लागलं. त्याला उचलून मी बाल्कनीत गेलो, ज्या उन्हापासून लपून आम्ही दारं-खिडक्या मिटून जगतो त्या उन्हात. जरा आडोसा पाहून बसलो. भीती होतीच, पण आता ती त्याची नव्हती, त्याच्यासाठी होती. बऱ्याच वेळानं मनगटात नखं रुतली. मी हात झटकला नाही.

काचेआडून आईनं विचारलं, "हलला?"

"हलला."

"मग सांग त्याला, एसी बंद केलाय म्हणावं."

विषय सुटला नाही. सरडाही घरात रमला. भीती गेली, असं मात्र मी म्हणणार नाही. पिंजऱ्यात घालायचा हात अजून आधी एकदा मागे घेतो. पुढे काय शिकायचं, इथे राहायचं की परतायचं, हे सांगणारंही घरात कुणी नाही, आणि ती भीती याहून मोठी आहे. अलीकडे सरडा कात टाकतोय. ती एकदम निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी सुटते. बोटांवरची तर फार दिवस चिकटून राहते. आईला ती ओढून काढावीशी वाटते. मी तिला म्हणतो, राहू दे, तिच्या वेळेनं निघेल.