बंद गळ्याचे ब्लाउज

मी तशी बडबडी बाई. गणपतीच्या मांडवात, कॉलेजच्या हॉलमध्ये, महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला — कुठंही माईक द्या, अवयवदानावर मी सहज बोलत सुटते. माझ्या पोटातल्या किडनीची गोष्ट तर इतक्यांदा सांगून झालीय की पुढचं वाक्य नवराच म्हणून दाखवतो. पण या सगळ्या बडबडीत एक गोष्ट मी कायम चुकवत आलेय. नवऱ्याला ती ठाऊक नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही — तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

औरंगपुऱ्यात आमचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, असलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिसवर होते. मग दादानं, माझ्या थोरल्या भावानं, त्याची एक किडनी मला दिली. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. पण ज्याची किडनी पोटात घेऊन फिरायचं त्याच्याशी भांडता येत नाही हो. वहिनी वाकडं बोलली तरी मी हसून घेते. दादाचं चुकलं तरी माझंच चुकलं म्हणते.

बरी झाल्यावर एका लहानशा गटात कामाला लागले. पगारबिगार नाही. डायलिसिसला पहिल्यांदा आलेल्या माणसाशेजारी बसायचं, त्याच्या घाबरलेल्या बायकोला पथ्याचं जेवण समजावायचं, आणि ज्या घरांनी आपल्या गेलेल्या माणसाचे अवयव दिले, त्या घरांची अधूनमधून विचारपूस करायची. लोक म्हणतात, ताई, केवढं मोठं काम करता तुम्ही. मी मान डोलावते. मान डोलावण्याची सवय मला जुनीच आहे — त्याकडेच यायचंय मला.

कौतिकाबाई. नाव मी बदललंय त्यांचं. मुलाचंही. म्हणजे कबूल करायला बसले तरी मागचं दार मी उघडंच ठेवलंय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या पाचोडच्या. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. नवरा केव्हाच गेलेला. एकुलता एक राहुल, वाळूजला कंपनीत कामाला होता. घरी येताना त्याची मोटारसायकल घसरली, डोक्याला मार लागला. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू मेलाय, हृदय तेवढं मशीनच्या आधारानं चालू आहे, तेही थांबेल. अवयवदानाचं विचारल्यावर कौतिकाबाई म्हणे बराच वेळ भिंतीकडं तोंड करून बसल्या, आणि मग हो म्हणाल्या. किडन्या इथल्याच दोघांना बसल्या. हृदय विमानानं दुसऱ्या शहरात गेलं, त्यासाठी चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंतचा रस्ता पोलिसांनी मोकळा करून दिला होता. कुठं गेलं, कुणाला बसलं, ते मात्र त्यांना सांगितलं नाही. सांगत नाहीतच. त्याला कारणं आहेत, आणि ती कारणं भाषणात मीच समजावून सांगते.

त्या भेटल्या एका सत्काराच्या कार्यक्रमात. अवयव देणाऱ्या घरांचा सत्कार होता, मला बोलायचं होतं. सूत्रसंचालकानं माझी ओळख करून देताना आवाज चढवून म्हटलं, यांच्या शरीरात आज दुसऱ्याचा अवयव धडधडतोय! आता किडनी कधी धडधडते का? पण टाळ्या पडल्या. मी तिथंच दुरुस्त करायला हवं होतं. टाळ्या पडत असताना कोण दुरुस्त करतं? मी माझं ठरलेलं भाषण केलं, दाता किती मोठा वगैरे, स्वतःच्या किडनीची गोष्ट वेळेअभावी गाळली, आणि खाली उतरले.

जेवणाआधी हात धुवायला गेले तर कौतिकाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. कार्यक्रमासाठी नेसलेली पांढरी साडी, खांद्यावर सत्काराची शाल, घडीसुद्धा न मोडलेली. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग काही न बोलता पुढं झाल्या आणि त्यांनी माझ्या छातीवर कान टेकवला.

"चालू हाय," म्हणाल्या. "चालू हाय बघ मव्हं लेकरू."

किती सोपं होतं? मावशी, माझ्यात किडनी आहे, तीसुद्धा माझ्या भावाची. बस. हेच वाक्य मी माईकवर किती वेळा म्हटलंय. त्यांचे केस माझ्या हनुवटीला लागत होते, शालीच्या नव्या वासातूनही फोडणीचा वास येत होता — आणि मी गप्प बसले.

गप्प बसले. असं मी स्वतःला आजवर सांगत आलेय. ते खरं नाही. कान काढून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तूच ना गं ती?" आणि मी मान हलवली. हो म्हणून हलवली. दोनदा.

त्या कोसळतील म्हणून? असं म्हणायला मला आवडलं असतं. पण त्या वेळी मनात आलं ते वेगळंच. मी आयुष्यभर घेत आलेली बाई. दादाकडून किडनी घेतली, नवऱ्याकडून सेवा घेतली, सगळ्यांकडून काळजी घेतली. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडून काहीतरी घेत होतं, आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. लाज नंतर वाटली.

आणि लाज वाटली तर काय केलं? दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना लक्षात आलं की हृदय बदललेल्या माणसाच्या छातीवर गळ्याखालून उभा व्रण असतो. माझा व्रण पोटावर, निऱ्यांच्या खाली. छाती कोरी. मी ताग्यातनं कापड फाडलं आणि बंद गळ्याचे ब्लाउज शिवायला टाकले. इथल्या उन्हाळ्यात अंगावर पदर नकोसा होतो, आणि मी गळ्यापर्यंत गुंड्या लावून गल्ल्यावर बसलेली. नवरा चिडवायचा, "काय गं, हेडमास्तरीण झालीस का?" मी हसायचे. त्या दिवशीची मान एकवेळ भिडेनं हलली म्हणा. पण माप देऊन, साडीला रंग जुळवून शिवून घेतलेल्या खोट्याला काय म्हणायचं?

मग त्या यायला लागल्या. शहरात काही काम निघालं की एसटीनं यायच्या, स्टँडवरनं चालत दुकानात. पाणीसुद्धा नंतर. आधी मला मागं न्यायचं, अस्तराच्या ताग्यांच्या आड, आणि डोळे मिटून कान लावायचा. मग "हां" म्हणायचं आणि बाहेर येऊन स्टुलावर बसायचं. मी शिडीवर चढले की ओरडायच्या, "उतर खाली! जड उचलू नको म्हनलं ना तुला?" नवऱ्यालाही दम भरायच्या. त्याला वाटायचं, किडनीच्या काळजीनं बोलतात. माझ्या खोट्याच्या आड कुणी येतच नव्हतं हो.

राहुलला कारळाची चटणी आवडायची. पहिल्यांदा डबीतनं आणली तेव्हा मी फार छान झालीय म्हटलं. कारळाचा मला लहानपणापासून वास सहन होत नाही. पण त्यांचा चेहरा असा काही फुलला! "आवडणारच की," म्हणाल्या, "त्योच खातोय ना." तेव्हापासून दर खेपेला चटणी. मी त्यांच्यासमोर भाकरीशी खाते आणि वर आणखी मागून घेते.

पाचोडला त्या बायकांना जमवून सांगायच्या, मी मव्ह्या कानानं ऐकलंय, लेकरू माघारी असतं. कुणाच्या छातीत, ते सांगायच्या नाहीत — नाव फोडायचं नसतं, नियम आहे, असं मीच त्यांना बजावून ठेवलं होतं. आमच्या गटातल्यांना वाटायचं, आईचं मन आहे, भावनेनं बोलते. त्यांचं ऐकून शेजारच्या वाडीतलं एक घर अवयव द्यायला खरोखर तयार झालं. मी स्वतःची समजूत घातली, यातून चांगलंच होतंय ना? मग मी कशाला मोडता घालू?

इथवर सांगणं जमलं. कदाचित तुम्ही मनातल्या मनात मला माफही करून टाकलं असेल. घाई करू नका.

एके दिवशी दवाखान्यातनं फोन आला. तिथं अवयवदानाचं काम बघणाऱ्या मॅडमचा. म्हणाल्या, ताई, राहुलचं हृदय ज्यांना बसलं ते गृहस्थ फार मागं लागलेत, एकदा त्या माउलीच्या पाया पडायचंय म्हणतात. एरवी आपण असं करत नाही, पण दोन्हीकडची मनापासून तयारी असली तर वर विचारून बघता येईल. तुम्ही कौतिकाबाईंच्या घरच्यासारख्या, तुम्हीच विचारा ना. ते गृहस्थ कुठंतरी शाळेत शिक्षक होते, दोन मुली होत्या, एवढं मला बोलण्यातनं कळलं.

मी पाचोडला गेले. बाजाराचा दिवस होता. कौतिकाबाईंनी मला बाजारभर फिरवलं, भाजीवाल्या बायकांना सांगत, "शहरातली लेक हाय मव्ही." घरी नेलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी राहुलचा, कंपनीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. आधी त्यांनी कान लावला, मग चुलीपुढं बसून भाकरी टाकायला घेतल्या. मी पाटावर बसून त्यांच्या पाठीकडं बघत होते. सांगायची हीच वेळ होती. दोन्ही गोष्टी एकदमच सांगता आल्या असत्या, मी कोण नाही ते आणि तो कोण आहे ते. मी तोंड उघडलं — आणि विचारलं, "मावशी, कारळ कुठनं आणता हो?"

परतताना एसटीतूनच मॅडमना फोन लावला. म्हटलं, नको म्हणतात त्या, जखम पुन्हा उकरायला नको म्हणतात. हे वाक्य मला शोधावंसुद्धा लागलं नाही. कितीतरी घरांनी ते मला खरोखर म्हटलेलं आहे. कुठलं वाक्य ऐकलं की पुढं कुणी काही विचारत नाही, हे मला कामातनंच ठाऊक झालेलं. मॅडम म्हणाल्या, साहजिक आहे. त्यांनी त्या शिक्षकांना तसं कळवलं.

म्हणजे खरा माणूस होता. त्याच्या छातीत खरंच राहुलचं हृदय होतं, आणि तो यायला तयार होता. मधे फक्त मी होते. मला बाजूला व्हायचं नव्हतं. कौतिकाबाई त्याच्या झाल्या असत्या. मग माझ्याकडं कोण आलं असतं? कुणी मला शिडीवरनं उतर म्हटलं असतं?

पुढं केव्हातरी, एका बैठकीनंतर चहा घेताना मॅडम सहज म्हणाल्या, "ते शिक्षक गेले हो ताई. इन्फेक्शन झालं. बरं झालं मावशी तेव्हा नको म्हणाल्या. बाईला दुसऱ्यांदा सोसावं लागलं असतं." मी चहा पूर्ण प्याले. आणि ते "बरं झालं" घट्ट धरून ठेवलं. दुकान झाडताना, गोळ्या घेताना, बसस्टॉपवर — बरं झालं, बरं झालं. पण कुणाचं बरं झालं? तो माणूस काय समजून गेला असेल? जिच्या मुलाचं हृदय आपण वागवतो, तिला आपलं तोंडही बघायचं नाही, हेच ना? त्याच्या मुलींनाही तेच वाटत असेल.

आणि कौतिकाबाई? राहुलचं हृदय थांबलं, हे त्यांना माहीतच नाही. त्या रडल्या असत्या, छाती बडवून घेतली असती, पण ते रडणं त्यांचं होतं. ते मी दाबून ठेवलंय.

गेल्या महिन्यात त्या आल्या होत्या. नेहमीसारखं मला मागं नेलं, कान लावला. या वेळी सांगायचंच असं मी ठरवून बसले होते. त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिल्या. मग भुवया आक्रसून म्हणाल्या, "लई धडधडतंय आज." आणि त्यांनी तळहात माझ्या छातीवर ठेवला, गुंड्यांच्या वर, आणि माझ्याशी नाही, आत बघून बोलल्यासारखं हळूच म्हणाल्या, "कामून भ्यालास रे बाळा? मी हाय ना इथं."

मी काही सांगितलं नाही.

शाळेला सुट्टी लागली की त्या चार दिवस आमच्याकडं राहायला येणार आहेत. चटणी जास्त करून आणते म्हणाल्या. मी दोन नवे ब्लाउज शिवायला टाकलेत. गळा बंदच सांगितलाय.