करडांसाठी कागदाची भिंत

झरीच्या मनकर्णाबाईला कागद कुटायची सवय लहानपणापासूनची. रद्दी भिजवायची, मेथ्या घालून उखळात मऊसूत कुटायची आणि उपड्या घागरीवर थापून टोपलं करायचं, हे ती आईच्या हाताखाली शिकली होती. आता घरात प्लास्टिकच्या पाट्या आल्या होत्या आणि तिचा सगळा दिवस शेळ्यांमागं जायचा.

त्या वैशाखात पत्र्याच्या शेडातली दोन करडं धगीनं गेली. नवरा भुजंग म्हणाला, "ऊनच लय हाय. आपुन तरी काय करावं?" मनकर्णाबाईला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

सून दीपिका गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. तिनं सासूला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी कागदाच्या लगद्यात सिमेंट आणि वाळू कालवून विटा पाडत होतं. वीट वजनाला हलकी, आणि भिंत आतून गार राहते म्हणे.

"आत्याबाई, लगदा तर तुमच्या हातचाच हाय," दीपिका म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातल्या वाया गेलेल्या कागदांचं पोतं घेऊन आली.

पहिल्या घाण्यात मनकर्णाबाईनं सवयीनं मेथ्या घातल्या. विटा अंगणात वाळत टाकून ती पाण्याला गेली. परत येऊन बघते तर दोन शेळ्या विटांचे कोपरे कुरतडत उभ्या. भुजंग खाटेवर बसून हसत होता.

"भिंत बांधायलीस का चारा करायलीस?"

तिलाही हसू आलं. पण पोटात सिमेंट गेलं म्हणून ती संध्याकाळपर्यंत त्या शेळ्यांच्या मागं मागं फिरत राहिली. त्यांना काही झालं नाही.

दुसऱ्या घाण्यात मेथ्या वगळल्या. वाळलेली एक वीट रात्रभर बादलीत बुडवून ठेवली, तर सकाळी हाताला नुसता गाळ लागला. दुसरीवर तिनं चुलीतला निखारा ठेवला. जाळ काही दिसला नाही, पण वीट आतल्या आत धुमसत गेली. ते बघून मात्र ती घाबरली. आत जनावरं बांधलेली असताना असं झालं तर?

"ऱ्हाऊ दे बाई. हे आपलं काम न्हाई," ती सुनेला म्हणाली.

"सिमेंट कमी पडायलंय, आत्याबाई. वाढवून तर बघू."

मग दोघींनी मुठीएवढ्या विटा पाडून बघितल्या. काहींत सिमेंट जास्त, काहींत वाळू. कोणती कशाची हे कळावं म्हणून मनकर्णाबाई ओल्या विटेवर खिळ्यानं खुणा करायची. काही विटांना वाळताना भेगा पडल्या, काही दगडासारख्या जड झाल्या. शेवटी एक वीट पाण्यात अख्खी राहिली. निखारा तिच्यावर काळा डाग पाडून विझला. शेळ्यांनी ती हुंगली आणि तोंड फिरवलं. तशीच मोठी वीट पाडून वाळवल्यावर भुजंगनं आपणहून तिच्यावर एक पाय ठेवला, मग दुसरा.

"उतरा आता. का तिथंच ऱ्हायचंय?" मनकर्णाबाई म्हणाली.

दिवाळीनंतर शेडाच्या उन्हाच्या बाजूला भिंत उभी राहिली. खालून ओल चढू नये म्हणून भुजंगनं दगडाचं जोतं घातलं, बाहेरून गिलावा केला. पुढच्या वैशाखात करडं दुपारभर त्या भिंतीला पाठ लावून पडायची. एकही दगावलं नाही.

एका दुपारी भुजंग आपल्या खोलीच्या तापलेल्या पत्र्याकडं बघत म्हणाला, "इथं मावळतीकडून एक भिंत घातली तर?"

"एक पावसाळा जाऊ द्या. मग बघू."

पावसाळाभर ती त्या भिंतीवर नजर ठेवून होती. झड लागून गेली की बोटांनी टकटक करून बघायची. दसऱ्याच्या सुमाराला एका कोपऱ्याचा गिलावा पडला. तिनं आतल्या विटेत अंगठा रुतवून पाहिला. वीट घट्ट होती.

तेवढ्यात दीपिका डबा घेऊन दुकानाला निघाली. मनकर्णाबाईनं तिला हाक मारली. "येताना कागद आण गं. यंदा लय लागंल."