अंगठ्याएवढी ओल

हौसाच्या हाताखालून गेलेल्या भिंतीला कधी तडा गेला नाही, असं वाडीतले म्हातारे अजून सांगतात. लहानपणी बापाबरोबर तिने निम्म्या गावाच्या भिंतींचा चिखल तुडवला होता. तिचा नेम एकच. थर घातला की चार दिवस सुकू द्यायचा आणि मग अंगठा दाबून बघायचा. अंगठा रुतला तर पुढचा थर नाही, घरधनी कितीही तणतणो.

नवरा गेल्यापासून ती स्लॅबच्या घरात एकटी होती. उन्हाळ्यात तो स्लॅब तव्यासारखा तापायचा. म्हणून मुंबईत लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा मुलगा दीपक दिवाळीला दहा दिवसांची रजा काढून आला, आईसाठी मागच्या दारी मातीची खोली बांधायला. जांभ्याचं जोतं आधीच तयार होतं. हौसाने माती पेंढा घालून आठवडाभर भिजत ठेवली होती.

सून दीपाली साडी खोचून चिखलात उतरली. नात संस्कृतीने मोबाइल बाजूला ठेवला, हे तर नवलच. हौसा कडेला बसून हुकूम सोडत होती आणि कुणी घसरलं की पोट धरून हसत होती. इतक्या सुखात ती कित्येक वर्षांत नव्हती.

पहिला थर पहिल्या दिवशी झाला, दुसरा पाचव्या. सातव्या दिवशी दीपकने विचारलं, तिसरा घालायचा का, नाहीतर उरलेले दिवस दीपालीच्या माहेरी मांडवीला जाऊन येऊ. हौसाने अंगठा दाबला. तो नखापर्यंत आत गेला.

"चढवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला पोट सुटलं होतं. दुपारी एक कोपरा खाली बसला. माझंच चुकलं, पाणी जास्त घातलं, असं म्हणत दीपक स्वतःलाच बोल लावत राहिला. हौसाला ते ऐकवेना.

"तुजं काय चुकलं न्हाय. भिंत ओली व्हती, मला ठाव व्हतं. तुमी जाल म्हणून बोलले न्हाय."

सगळ्यांनी मिळून तिसरा थर उतरवला, माती पुन्हा खड्ड्यात टाकली, भिंतीवर माडाच्या झावळ्यांची झापं घातली. मग मंडळी मुंबईला गेली.

परत आली ती थेट शिमग्याला. चार महिन्यांत भिंत खणखणीत वाळली होती. येता-जाता हौसा तिच्यावर हात फिरवायची. ग्रामदेवतेची पालखी घरी येऊन गेली आणि दीपक मागच्या दारी आला. पाच दिवसांच्या रजेतले तीन संपले होते.

"आये, सुकली काय गो?"

हौसाने अंगठा दाबला. भिंतीवर साधा ओरखडाही उमटला नाही.

"न्हाय रे. अजून चार दिस तरी लागतील."

दीपकने तिच्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा टेकवला आणि जोर लावून दाबला. मग कोरडा अंगठा त्याने पँटला पुसला.

"हां, ओली हाय," तो म्हणाला, आणि रजा वाढवून घ्यायला त्याने ऑफिसला फोन लावला.