‘हा नको’ एवढं पुरत नाही

बेकरीतले सगळे त्यांना ‘विरोधी पक्ष’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं. काम भट्टीवरचं. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं पाव आत सरकवायचे, भाजले की ओढून घ्यायचे, आणि मधल्या वेळात ऑफिसात बसलेल्या माणसाला नावं ठेवायची. तुम्ही म्हणाल, आगीपुढे उभा राहणारा माणूस तापणारच. तसं काही नाही, स्वभावच तो. भट्टी किती तापलीय हे ते चिमूटभर पीठ आत टाकून बघत. पीठ तांबूस व्हायला किती वेळ लागतो त्यावरून ओळखत. माणसांच्या बाबतीत एवढा दम त्यांनी कधी धरला नाही.

घरी बायको नागरिकशास्त्र शिकवणारी. शाळेत तिला बाई म्हणत, गल्लीत बाई म्हणत, शेवटी हेही बाईच म्हणायला लागले.

बेकरीचा मालक थकला, त्याच्या मुलांना पिठात हात घालायचे नव्हते, म्हणून त्यानं बेकरी कामगारांनाच देऊन टाकली. झाले सगळेच मालक. आता ऐकायचं कुणाचं? विरोधी पक्षाच्या घरात नागरिकशास्त्र आहे, तेव्हा कारभार कसा चालवतात ते बाईंना विचारून यायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

“अमेरिकेत अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडतात,” बाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “नावडता झाला म्हणून सभागृहाला त्याला मध्येच घालवता येत नाही. गंभीर गुन्हा केला तर गोष्ट वेगळी.”

“बरं आहे. रोजची कटकट नको.”

पीठ मळणाऱ्याला चार वर्षांसाठी मॅनेजर केला. त्याला लगेच शिंगं फुटली. मळणंही आपल्याकडेच ठेवलं, आणि धड हेही नाही, धड तेही नाही. गिऱ्हाइकांवर खेकसायचा, मळलेलं पीठ तसंच टाकून निघून जायचा. गुन्हा म्हणावा असं काही करत नव्हता, नुसताच वाईट वागत होता. चार वर्षं सगळ्यांनी दात-ओठ खात काढली. मग विरोधी पक्षानं हट्टानं एक नियम करून घेतला, की मॅनेजर होणाऱ्यानं ऑफिसात बसायचं, दुसऱ्या कुठल्या कामाला हात लावायचा नाही.

पुढे बाईंनी इंग्लंडचं सांगितलं. तिथं सभागृहाचा विश्वास उडाला की पंतप्रधान गेला. हे तर सगळ्यांना फारच आवडलं. कुणाची सुट्टी नाकारली, की वर झाले हात आणि मॅनेजर घरी. इतके बदलले, की मैदा पुरवणारा फोनवर आधी “आज कोण आहे?” असं विचारायचा. प्रत्येकाला घालवण्यात पुढे कोण, हे सांगायलाच नको.

मग स्वित्झर्लंड. तिथं सात जण मिळून कारभार बघतात, अध्यक्षपद दर वर्षी फिरतं. इथंही सात जण बसले. पाव लांबट हवा की गोल, यावर इतकं बोलले की टोपातलं पीठ फुगून बाहेर आलं.

“त्या लोकांना जमतं,” विरोधी पक्ष घरी येऊन म्हणाले, “त्यांचं पीठ काही फुगत नसेल.”

बाई हसल्या. “मग जर्मनीसारखं करा. तिथं सभागृहाला चॅन्सेलर, म्हणजे त्यांचा पंतप्रधान, काढायचा तर त्याच मतदानात दुसरा निवडावा लागतो. ‘हा नको’ एवढं पुरत नाही, ‘त्याच्या जागी हा’ असं नाव घ्यावं लागतं.” मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “तुम्हाला जड जाईल हं.”

त्यांनी ते तेव्हा हसण्यावारी नेलं. नियम झाला, गल्ल्यावर बसणाऱ्याला मॅनेजर केलं, आणि बेकरीत शांतता नांदली. विरोधी पक्षाचं तोंड चालूच होतं, पण “काढा याला” म्हटलं की मागून कुणीतरी “जागी कोण?” असं विचारायचं, आणि हे परत आपलं फावडं उचलायचे.

अशी वर्षं गेली, आणि एक दिवस मॅनेजरनं जाहीर केलं की विटांची भट्टी पाडायची, तिथं विजेची बसवायची. माणूस वाईट नव्हता. धुराबद्दल शेजारी भांडत होते, लाकूड मिळत नव्हतं. पण ऐकून विरोधी पक्षानं हातातलं फावडं खाली ठेवलं. मिसरूड फुटत होतं तेव्हापासून ते त्या भट्टीपुढे उभे होते. यंत्रसामग्रीचा निर्णय मॅनेजरचा. भट्टी वाचवायची तर मॅनेजर बदलायला हवा.

दुपारी मैद्याच्या पोत्यांवर सगळे बसले. मॅनेजरही होता. विरोधी पक्ष उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला टोमणा न मारता बोलले. “भट्टी राहायला हवी. मॅनेजर बदला.”

“जागी कोण?” मॅनेजरनंच विचारलं.

त्यांनी पाव पोचवणाऱ्याकडे पाहिलं, तो चपलेकडे बघत होता. पीठ मळणाऱ्याकडे पाहिलं, त्यानं कान पकडले. “मी एकदा होऊन बसलोय,” तो म्हणाला. “तुम्ही व्हा. तुमच्यासाठी आमचे हात वर होतील, दुसऱ्यासाठी नाही.”

“मग भट्टीवर कोण?”

“मी बघेन की.”

मॅनेजरनं दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही, हा नियम त्यांचाच होता. त्यांनी हातावरच्या जुन्या चटक्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “माझं नाव घ्या.” मॅनेजरचा सोडून बहुतेक सगळे हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात बसले. काचेतून पीठ मळणाऱ्याची पाठ तेवढी दिसत होती. करपल्याचा वास आला तसे ते ताडकन उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले. भट्टीकडून आवाज आला, “ऑफिसात बसून यांना काय कळतंय इथलं.” सगळे हसले. यांनी मात्र सगळ्यांदेखत डोळे पुसले.

संध्याकाळी बाईंनी चहा पुढे ठेवला. “भट्टी राहिली ना?”

“राहिली.”

“नीट तापली होती?”

“काय माहीत,” ते म्हणाले. “मी ऑफिसात होतो.”